संकेतस्थळावरील हलती चित्रे : स्वरूपे आणि त्यांची निवड

रुजणाऱ्या दाण्यातून प्रथम मूळ बाहेर पडते की कोंब, हे शब्दांनी सांगता येते. परंतु विद्यार्थ्याच्या ते कायमचे ध्यानात राहावयाचे असेल, तर त्याला ते घडताना दिसले पाहिजे. दादासाहेब फाळके यांनी हे फार पूर्वी ओळखले होते. ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ साली प्रदर्शित होण्यापूर्वीच त्यांनी कुंडीतील वाटाण्याच्या रोपाची छायाचित्रे दिवसामागून दिवस एकेक करून घेतली आणि ‘अंकुराची वाढ’ हा लहानसा पट सिद्ध केला. हीच गोष्ट आज कोणत्याही शाळेतील शिक्षक आपल्या मोबाईलवर करू शकतो व शाळेच्या संकेतस्थळावर ठेवू शकतो. अडचण येते ती पुढे. तयार झालेली चित्रमालिका कोणत्या स्वरूपाच्या फाईलमध्ये साठवावयाची? जिफ, एपीएनजी, वेबपी, एमपी-फोर, एसव्हीजी, लॉटी अशी अनेक नावे समोर येतात आणि बहुधा ज्याचे नाव पूर्वी ऐकलेले असते, ते निवडले जाते.

ही निवड केवळ तांत्रिक नाही. अयोग्य स्वरूप निवडल्यास गावातील पालकाचा मोबाईल डेटा व्यर्थ खर्च होतो, दृष्टिहीन वाचकाला मजकूर समजत नाही, आणि काही वर्षांनी ते साहित्य उघडेनासेही होते. म्हणून या स्वरूपांचा थोडा तपशीलवार विचार येथे केला आहे.

चित्रकथी आणि बाहुली

सिंधुदुर्ग जिल्ह्यातील कुडाळजवळच्या पिंगुळी गावी ठाकर समाजाने दोन कला जतन केल्या आहेत. एक चित्रकथी. तीत कथेतील प्रसंगांची चित्रे एकामागून एक समोर धरली जातात व कथेकरी कथा सांगत जातो. दुसरी चामड्याच्या बाहुल्यांची. या खेळात बाहुली एकदाच कातरावयाची. तिचे अवयव सांध्यांवर जोडलेले असतात आणि काठीने हात उचलला की पडद्यावर सावलीचा हात उचलला जातो. नवे चित्र काढावे लागत नाही.

संगणकावरील हलत्या चित्रांचे दोन मुख्य वर्ग नेमके असेच आहेत. पहिल्या वर्गात प्रत्येक क्षणाचे पूर्ण चित्र, म्हणजे एक चौकट, ठिपक्यांच्या रूपाने साठविली जाते. जिफ, एपीएनजी, वेबपी आणि व्हिडिओच्या फाईली या वर्गातील होत. दुसऱ्या वर्गात आकृत्या व त्यांच्या हालचालीच्या सूचना साठविल्या जातात आणि चित्र रेखाटण्याचे काम पाहणाऱ्याच्या यंत्राकडे सोपविले जाते. एसव्हीजी व लॉटी या वर्गात मोडतात. हा भेद लक्षात आला, की पुढील बरेचसे निर्णय आपोआप सुटतात.

पहिल्या वर्गाचा हिशेब आधी पाहू. ४८० ठिपके रुंद व ३६० ठिपके उंच अशा चौकटीत १,७२,८०० ठिपके होतात. एका ठिपक्याला एक बाईट धरला आणि सेकंदाला १२ चौकटी याप्रमाणे पाच सेकंदांचे चित्र केले, तर ६० चौकटींना १ कोटी ३ लाख ६८ हजार बाईट लागतात. पूर्ण रंगांसाठी दर ठिपक्यास तीन बाईट लागत असल्याने तोच आकडा तीन कोटींच्या वर जातो. पाच सेकंदांच्या चित्रासाठी हा भार कोणालाही परवडणार नाही. प्रत्येक स्वरूपाची खरी परीक्षा हा भार ते किती आणि कशा रीतीने हलका करते यात आहे.

जिफ : जुने आणि टिकाऊ

जिफ हे स्वरूप अमेरिकेतील कॉम्प्युसर्व्ह या कंपनीने १९८७ साली आणले आणि १९८९ मध्ये त्यात सुधारणा केली. चित्र पुन्हा पुन्हा फिरत राहण्याची सोय मात्र नेटस्केप या ब्राउझरने १९९५-९६ च्या सुमारास जोडली. त्याचा उच्चार ‘जिफ’ की ‘गिफ’ यावर इंग्रजी जाणणाऱ्यांत अद्याप वाद आहे. निर्माते स्टीव्ह विल्हाइट यांचा कौल ‘जिफ’ला होता. मराठीत लिहिताना एकाची निवड करावीच लागते. येथे निर्मात्याचे ऐकले आहे.

जिफची संक्षेपाची पद्धत कार्यालयीन कारकुनाला लगेच समजेल अशी आहे. नोंदवहीत तोच मजकूर पुन्हा आला, की आपण तो न लिहिता ‘वरीलप्रमाणे’ असे लिहितो. जिफही ठिपक्यांच्या पुनरावृत्त होणाऱ्या माळांना क्रमांक देते व पुढे केवळ क्रमांक नोंदविते. चित्रात सपाट रंगाचे पट्टे असतील तर अशी पुनरावृत्ती भरपूर होते व फाईल लहान होते. झाडाची पाने, गर्दी, नदीचे पाणी यांच्या छायाचित्रात शेजारचा ठिपका सहसा तसाच नसतो. तेथे ‘वरीलप्रमाणे’ लिहिण्यास वावच उरत नाही.

दुसरी मर्यादा रंगांची. एका चौकटीत अधिकात अधिक २५६ रंग मावतात. रंग कमी पडले, की संगणक जवळच्या दोन रंगांचे ठिपके विखरून तिसऱ्याचा भास निर्माण करतो. त्याने चित्र बरे दिसते, पण विखुरलेल्या ठिपक्यांमुळे पुनरावृत्ती मोडते व फाईल फुगते. तिसरी मर्यादा पारदर्शकतेची आहे. जिफमध्ये ठिपका एक तर पूर्ण पारदर्शक असतो किंवा अजिबात नसतो. म्हणून पांढऱ्या पानासाठी केलेली आकृती रंगीत पानावर ठेवली, की तिच्या कडेला पांढरी, दातेरी किनार दिसते. अनेक संकेतस्थळांवरील बोधचिन्हांची ही दशा आपण पाहिलेली आहे.

असे असूनही जिफ मागे पडलेले नाही आणि त्याला सबळ कारणे आहेत. ते कोणत्याही ब्राउझरमध्ये, कितीही जुन्या संगणकावर, वेगळ्या साधनावाचून चालते. ज्या कामाला थोडे रंग पुरतात, तेथे ते आजही योग्य ठरते. भारतीय हवामान खात्याच्या रडारचे चलचित्र हे त्याचे उत्तम उदाहरण. पावसाच्या तीव्रतेला ठरावीक रंग नेमून दिलेले असतात, नकाशाची पार्श्वभूमी स्थिर असते आणि दोन चौकटींमध्ये ढगांचे पुंजके तेवढे सरकतात. पुण्यातील शिवाजीनगरच्या वेधशाळेला ‘सिमला ऑफिस’ हे नाव खात्याचे मुख्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून पुण्यास आले म्हणून पडले; त्या काळी हवामानाचे नकाशे हाताने रेखाटले जात. आज पावसाळ्यात तहसील कचेरीतील कर्मचारी मोबाईलवर ढगांची चाल पाहतो, ती बहुधा जिफच्या रूपात.

एपीएनजी आणि वेबपी

जिफच्या संक्षेप पद्धतीवर युनिसिस कंपनीचे एकस्व होते. १९९४ अखेर त्यावरून वाद माजला आणि त्यातूनच पीएनजी हे मुक्त स्वरूप जन्मास आले. (ते एकस्व अमेरिकेत २००३ मध्ये व इतरत्र २००४ मध्ये संपुष्टात आले.) पीएनजी मूलतः स्थिर चित्रासाठी होते. त्याला हालचालीची जोड देणारे एपीएनजी हे स्वरूप मोझिलातील तंत्रज्ञांनी २००४ मध्ये सुचविले. २००८ मध्ये ते फायरफॉक्समध्ये आले, क्रोमने ते २०१७ मध्ये स्वीकारले आणि पीएनजीच्या अधिकृत मानकात त्याचा समावेश जून २०२५ मध्ये झाला. सूचना आणि मान्यता यांत एकवीस वर्षे गेली. शासकीय पत्रव्यवहाराच्या संथपणाबद्दल बोलणाऱ्यांनी याची नोंद घेण्यास हरकत नाही.

एपीएनजीमध्ये पूर्ण रंग मिळतात, पारदर्शकता टप्प्याटप्प्याने कमीअधिक करता येते आणि मूळ चित्रातील काहीही गाळले जात नाही. ज्या प्रणालीला ते समजत नाही, तेथे निदान पहिली चौकट स्थिर चित्र म्हणून दिसते. मात्र काही संकेतस्थळ-प्रणाली चित्र चढविताना त्याचे पुनर्लेखन करतात व त्यात हालचाल नाहीशी होते. चढविल्यानंतर ते हलते की नाही हे पाहिल्याखेरीज काम पूर्ण समजू नये.

वेबपी हे गुगलने २०१० मध्ये आणलेले स्वरूप. डोळ्यास सहसा न जाणवणारा तपशील गाळून फाईल लहान करण्याची आणि काहीही न गाळण्याची अशा दोन्ही रीती त्यात आहेत. ॲपलच्या सफारी ब्राउझरने ते २०२० मध्ये स्वीकारल्यानंतर प्रमुख ब्राउझरांपैकी कोणतेही वंचित राहिले नाही. ज्यांना हे नाव अपरिचित वाटेल, त्यांनीही ते वापरलेले असण्याचा संभव दाट आहे, कारण व्हॉट्सॲपवरील हलणारे स्टिकर वेबपी स्वरूपाचे असतात. जिफऐवजी काही निवडावयाचे झाल्यास आज प्रथम वेबपीचा विचार करावा, असे आमचे मत आहे.

व्हिडिओ : जे जिफ वाटते ते जिफ नसते

व्हॉट्सॲपवर जिफ म्हणून पाठविली जाणारी चित्रे प्रत्यक्षात निःशब्द एमपी-फोर फाईली असतात. हे केवळ हिशेबापोटी केलेले आहे. जिफला गती समजत नाही. रस्त्याने बैलगाडी जात असेल, तर प्रत्येक चौकटीत ती नव्या जागी नव्याने नोंदविली जाते. व्हिडिओचे तंत्र ‘मागील चौकटीतील हा भाग एवढा उजवीकडे सरकला’ असे लिहून मोकळे होते व उरलेला फरक तेवढा साठविते. २००३ सालापासून रूढ असलेली एच-२६४ ही संक्षेप पद्धत जवळजवळ प्रत्येक मोबाईलच्या यंत्रणेतच अंतर्भूत असल्याने बॅटरीही कमी खर्च होते. छायाचित्रणातून घेतलेली कोणतीही गोष्ट, मग ती कलमे बांधण्याची रीत असो वा हातपंपाची दुरुस्ती, जिफ करू नये. तिचा व्हिडिओ करावा.

दोन गोष्टी मात्र ध्यानात ठेवाव्यात. आवाज बंद ठेवल्याशिवाय ब्राउझर असा व्हिडिओ सहसा आपोआप सुरू करीत नाहीत. आणि एच-२६४ मध्ये पारदर्शकता नाही; पानाच्या रंगावर तरंगणारी आकृती त्यात करता येत नाही.

शिक्षकांच्या दृष्टीने आणखी एक मुद्दा आहे. पुण्याच्या ‘बालभारती’च्या पाठ्यपुस्तकांवरील क्यूआर कोड ज्या ‘दीक्षा’ मंचाशी जोडलेले आहेत, तो मंच २०१७ मध्ये सुरू झाला. त्यावर साहित्य चढविताना एमपी-फोर, वेबएम, पीडीएफ, ईपब, एचटीएमएल व एचफाइव्हपी अशी स्वरूपे चालतात. शाळेसाठी केलेले साहित्य पुढे राज्यातील इतरांच्या उपयोगी पडावे अशी इच्छा असेल, तर ते प्रथमपासूनच व्हिडिओच्या रूपात ठेवणे सोयीचे.

नकाशा हलवावयाचा असेल तर

आता दुसरा वर्ग. १२ जुलै १९६१ रोजी आंबी नदीवरील पानशेतचे धरण फुटले, त्याच दिवशी खडकवासल्याची भिंत खचली आणि मुठेच्या पुराने पुण्यातील पेठा जलमय झाल्या. हा प्रसंग भूगोलाच्या तासाला दाखवावयाचा आहे असे समजू. नदीची निळी रेघ, दोन धरणे, शहराची सीमा, आणि वरून खाली पसरत जाणारे पाणी. यात छायाचित्र कोठेही नाही. रेषा, आकार आणि अक्षरे आहेत. येथे साठ चौकटी साठविणे म्हणजे बाहुली असताना साठ चित्रे रंगविण्यासारखे होय.

एसव्हीजीमध्ये हीच गोष्ट सूचनांच्या रूपाने लिहिली जाते : अमुक बिंदूपासून अमुक बिंदूपर्यंत रेघ, तिची जाडी एवढी, आणि ती इतक्या सेकंदांत एवढी वाढावी. हे मानक वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने २००१ मध्ये मान्य केले. मोबाईलच्या पडद्यावर पाहा किंवा सभागृहाच्या भिंतीवर, रेषा कोठेही फाटत नाही आणि फाईलचा आकार वाढत नाही. फाईल साध्या मजकुराची असल्याने ‘खडकवासला’ हे नाव चुकले असेल तर कोणताही कर्मचारी ते दुरुस्त करू शकतो. जिफमधील शुद्धलेखनाची चूक दुरुस्त करावयाची तर साठही चौकटी पुन्हा कराव्या लागतात!

देवनागरीच्या दृष्टीने हा फरक फार मोलाचा आहे. जिफ वा व्हिडिओतील अक्षरे म्हणजे ठिपके. शोधयंत्राला ती सापडत नाहीत, दृष्टिहीनांसाठी मजकूर वाचून दाखविणाऱ्या प्रणालीला ती दिसत नाहीत. पानातच अंतर्भूत केलेल्या एसव्हीजीतील मजकूर युनिकोडमध्ये असतो व त्याला ही दोन्ही दारे उघडी राहतात. मात्र एसव्हीजी स्वतंत्र चित्र म्हणून जोडल्यास बाहेरचा फाँट त्यात उतरत नाही आणि पाहणाऱ्याच्या यंत्रावर असेल त्या फाँटात अक्षरे दिसतात. तसेच एसव्हीजीत आज्ञावली दडविता येत असल्याने अनेक प्रणाली ती सुरक्षेच्या कारणास्तव चढवू देत नाहीत. ही तक्रार खोटी नाही. अनोळखी ठिकाणाहून उतरवून घेतलेली एसव्हीजी शासकीय संकेतस्थळावर तशीच चढविणे धोक्याचे आहे.

लॉटी हे २०१७ मध्ये एअरबीएनबी कंपनीने प्रसिद्ध केलेले स्वरूप. कातरलेल्या छायाकृतींचा ‘द ॲडव्हेंचर्स ऑफ प्रिन्स अहमद’ हा पूर्ण लांबीचा चित्रपट १९२६ साली निर्माण करणाऱ्या जर्मन कलावती लोटे रायनिगर यांच्या स्मरणार्थ हे नाव दिलेले आहे. पिंगुळीच्या बाहुल्यांची ही जर्मन भगिनीच म्हणावयाची. गुंतागुंतीची हालचाल लॉटीत अत्यंत लहान फाईलमध्ये बसते. पण ती चालविण्यास संकेतस्थळात स्वतंत्र आज्ञावली बसवावी लागते, आणि मराठी मजकूर मजकूर म्हणून ठेवल्यास जोडाक्षरे सुटी होण्याचा धोका असतो. अक्षरांचे आकृत्यांत रूपांतर करून घेतल्यास तो टळतो, परंतु मग ती अक्षरे पुन्हा चित्रच बनतात. ज्या कार्यालयापाशी कायमचा तंत्रज्ञ नाही, त्याने लॉटीच्या वाटेस न जाणे बरे.

जे साहित्य उघडेनासे झाले

१९९६ पासून वाढत गेलेल्या फ्लॅश या स्वरूपाचा उल्लेख अटळ आहे. चित्र, आवाज, प्रश्नोत्तरे असे सर्व काही फ्लॅशमध्ये करता येई आणि शालेय साहित्याचा मोठा साठा त्यात तयार झाला. ते एका कंपनीचे, प्रथम मॅक्रोमीडियाचे व नंतर ॲडोबीचे, स्वरूप होते. ३१ डिसेंबर २०२० रोजी ॲडोबीने त्याला निरोप दिला आणि १२ जानेवारी २०२१ पासून फ्लॅश प्लेअर फ्लॅशचे साहित्य चालविण्याचेच नाकारू लागला. कित्येक ठिकाणी पाठाच्या जागी राखाडी चौकोन उरला. रफल या मुक्त प्रणालीच्या साहाय्याने त्यातील बरेच साहित्य आज पाहता येते. सर्वच येते असे नाही. ज्या शाळांपाशी असे जुने साहित्य आहे, त्यांनी ते टाकून न देता प्रथम रफलमध्ये उघडून पाहावे.

१९३३ मध्ये कोल्हापूरहून पुण्यास आलेल्या प्रभात फिल्म कंपनीने त्याच दशकात ‘जंबूकाका’ नावाचा व्यंगपट काढला होता. त्या काळातील फीत हाती आली, तर ती उजेडासमोर धरून निदान चौकटी तरी डोळ्यांनी पाहता येतात. २००५ सालच्या फ्लॅश फाईलबद्दल असे म्हणता येत नाही. स्वरूप निवडताना त्याचे मानक खुले आहे काय, हा प्रश्न म्हणूनच रंग आणि आकार यांच्या आधी विचारला पाहिजे.

न हलण्याचा अधिकार

जपानमध्ये १६ डिसेंबर १९९७ रोजी दूरचित्रवाणीवरील ‘पोकेमॉन’ या मालिकेच्या एका भागात लाल-निळा प्रकाश वेगाने लुकलुकला आणि सुमारे सातशे प्रेक्षकांना, त्यांत बहुसंख्य मुले, रुग्णालयात न्यावे लागले. सेकंदास तीनपेक्षा अधिक वेळा लुकलुकणारे काहीही संकेतस्थळावर असू नये, हा आंतरराष्ट्रीय दंडक अशाच धोक्यांसाठी आहे. आपोआप सुरू होऊन पाच सेकंदांहून अधिक काळ मजकुराशेजारी हलत राहणारे चित्र वाचकास थांबविता आले पाहिजे, हा दुसरा. भारत सरकारच्या संकेतस्थळविषयक मार्गदर्शक तत्त्वांतही, ज्यांची तिसरी आवृत्ती २०२३ मध्ये आली, हा सुगम्यतेचा विचार स्वीकारलेला आहे. जिफ थांबविण्याचे बटण जिफमध्ये नसते. व्हिडिओत ते असते. सूचनांच्या शेजारी वर्षानुवर्षे लुकलुकणारे ‘नवीन’ हे चिमुकले चित्र याच कारणाने काढून टाकण्यास योग्य आहे. शिवाय त्यातील कित्येक सूचना नवीन राहिलेल्या नसतात.

वर्गातील एक प्रयोग

आता दाणा रुजण्याच्या पाठाकडे वळू. भिजविलेली मटकी ओल्या कापसावर ठेवून दर अर्ध्या तासाने एक याप्रमाणे चोवीस तास छायाचित्रे घेतली, तर ४८ चौकटी मिळतात. सेकंदास १२ या गतीने त्या चार सेकंदांत संपतात. मोबाईल घट्ट बांधलेला हवा. तो केसभर हलला, तरी चौकटीतील प्रत्येक ठिपका बदलतो व संक्षेपाची सर्व पद्धत निष्फळ ठरते. खिडकीचा उजेड नको, कारण तो दिवसभर बदलतो. एकच दिवा सतत ठेवावा. मागे एकरंगी कागद लावावा, शक्यतो गडद, म्हणजे पांढरे मूळ उठून दिसते. जिंप या विनामूल्य प्रणालीत या चौकटी एकत्र करून वेबपी अथवा जिफ करता येते. एसव्हीजीच्या आकृत्या काढण्यासाठी इंकस्केप आहे. एकच चित्रमालिका दोन्ही स्वरूपांत साठवून फाईलींचे आकार मुलांनाच मोजावयास सांगावे. मालिका संकेतस्थळावर ठेवताना ‘मटकीच्या दाण्यातून प्रथम मूळ व नंतर कोंब बाहेर पडतो’ अशी ओळ चित्राच्या पर्यायी मजकुरात लिहावी.

तयार फाईलबरोबर मूळ ४८ छायाचित्रेही क्रमांक व दिनांक घालून शाळेच्या दप्तरी जपून ठेवावीत. नवे स्वरूप आले, की त्यांतूनच ते पुन्हा करता येईल. तयार जिफमधून गाळलेले रंग परत मिळविता येत नाहीत.